नसलेल्या केळकरांचं पान

गेल्या वर्षी श्रावणात मी उज्जैनच्या नानाखेड्यातल्या शैलाकाकूंना एक अ‍ॅप विकलं आणि त्यात नमुन्यादाखल घातलेली खोटी गिऱ्हाइकं पुसायला विसरलो. चूक एवढीच. सांगायला एक वाक्य पुरलं.

आज सकाळी बायकोनं जायफळ किसायला घेतलं आणि तो वास येताच माझे कान तापले. एरवी जायफळ म्हणजे बासुंदी, श्रीखंड, दुपारची गाढ झोप. मला मात्र आता तो वास आला की आपण शर्ट उलटा घालून कोणाच्या तरी लग्नात पहिल्या पंक्तीला बसलो आहोत असं वाटतं. बायको म्हणाली, "काय झालं? तोंड का असं?" मी म्हणालो, "काही नाही, दमट आहे." भाद्रपदातलं उज्जैन मला या बाबतीत फार उपयोगी पडतं. घाम कशाचा आहे ते कोणी विचारत नाही.

या दिवसांत गाव कसं मोकळं मोकळं होतं. महाकालाच्या सवाऱ्या संपलेल्या असतात. गर्दी अडवायला लावलेल्या बल्ल्या रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडलेल्या. क्षिप्रेचं पाणी चहाच्या रंगाचं, घाटाच्या पायऱ्यांवर चिखलाची साय ठेवून ते हळूहळू मागे सरत असतं. महिनाभर आपल्याला ओळख न दाखवणारे रिक्षावाले पुन्हा हाक मारू लागतात, "आओ भिया, किधर जाना है." आणि या हिंदी बोलणाऱ्या गल्ल्यांच्या मधेमधे आमची तुरळक मराठी घरं नाकानं ओळखू येतात. इथे डाळ शिजतेय, तिथे अळू चिरलाय. ट्रंकेतून महालक्ष्म्यांचे मुखवटे निघतात, जुन्या धोतरात गुंडाळलेले. वर्षभर आम्ही घरात निम्मी हिंदी बोलतो, मुलांशी तर पाऊण. पण हे तीन दिवस सगळे शुद्ध होतात. "भाजीत नमक कमी आहे" म्हणणारी माणसं एकदम "मीठ" म्हणायला लागतात.

मी शुद्ध व्हायचा प्रयत्न सोडला आहे. तरी सांगतो.

बस स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. पोरांना टायपिंग शिकवायचो, दुकानदारांच्या मुलांना हिशेबाचं सॉफ्टवेअर. मोबाईल आला आणि त्यानं तो क्लास बसल्या जागी खाल्ला. मग आलं हे एआय. आपण साध्या भाषेत सांगायचं, बाबा रे, मला असं असं अ‍ॅप हवं, इथे बटण, तिथे यादी. समोर भराभर ओळी उमटत जातात आणि चहा गार व्हायच्या आत अ‍ॅप तयार. त्या ओळी मला वाचता येत नाहीत. मंत्रपुष्पांजलीला मी जसा नुसते ओठ हलवत उभा राहतो आणि शेवटच्या शब्दाला मात्र सगळ्यांपेक्षा मोठा आवाज काढतो, तशीच माझी ही विद्या. पण विकताना मी "बनवून घेतलं" असं म्हणत नसे, "बनवलं" म्हणत असे. व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली "सॉफ्टवेअर निर्माता" असं छापून घेतलं. छापखान्यातला माणूस मला पंधरा वर्षं ओळखतो. त्यानं कार्ड हातात देताना विचारलं, "भिया, ये कब हुआ?"

एक लॉज, एक टेंट हाउस आणि एक शिकवणी, एवढ्यांना विकून झालं तेव्हा धंद्याची एक गोष्ट मला कळली. रिकामं अ‍ॅप कोणी घेत नाही. मिठाईवाला सकाळी आधी थाळ भरून पुढे मांडतो, मग शटर पूर्ण वर करतो. तसं मी दाखवायच्या आधी एआयला सांगायचो, यात माणसं भर. ते भरायचं. लॉजमध्ये पाहुणे उतरायचे, टेंट हाउसमध्ये लग्नं लागायची, शिकवणीत पोरं पहिल्या वर्गात पास व्हायची. समोरचा ते बघून हरखायचा, त्याला वाटायचं हे सगळं आपल्याकडे होणार. सौदा झाला की मी ती माणसं पुसून कोरं अ‍ॅप द्यायचो. लॉजची पुसली. टेंट हाउसची पुसली. शिकवणीतली पोरं पुसताना तर जरा वाईटही वाटलं.

शैलाकाकू माझ्या नात्यातल्या नाहीत, पण उज्जैनमध्ये मराठी बोलणारी कोणतीही बाई कोणाची तरी काकू असतेच. काका बँकेतून रिटायर झाले आणि काकूंनी महालक्ष्म्यांच्या जेवणाची पानं करून द्यायला घेतली. ज्या घरातली मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली आणि दोघंच म्हातारी मागे राहिली, तिथे महालक्ष्म्या तर बसतात, पण सोळा भाज्या, पुरण, आंबील, वर टांगायचा फुलोरा हे करणार कोण? अशा घरांत काकूंकडून सोवळ्यातलं पान जातं. हाताखाली दोन बायका असतात, तरी पुरण काकूच वाटणार, पोळी काकूच लाटणार. म्हणून त्या मोजकीच पानं घेतात, आणि म्हणूनच काकूंकडचं पान मिळणं ही आमच्यात एक पत आहे. काकूंना ते पक्कं ठाऊक आहे. त्या फोनवर "बघते हं" म्हणतात तेव्हा पलीकडच्यानं श्वास रोखून धरायचा असतो.

"काकू, आता फोनवर फोन घ्यायची गरज नाही," मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगत होतो. "लोक घरबसल्या ऑर्डर टाकतील. आपोआप येतील."

"आपोआप?"

"आपोआप. बघा ना, कसं भरलंय."

"आणि जास्त झाल्या तर? मला काय दहा हात आहेत?"

इथे माझी छाती फुगली, कारण तेवढं मी मोठ्या हौसेनं करून घेतलं होतं. "तुम्ही ठरवाल तितकी पानं झाली की पडदा लाल होतो. वर येतं, जागा संपल्या."

काकांनी पेपर खाली केला. "म्हणजे हिला 'नाही' म्हणायला आता मशीन मिळालं. आजवर हे काम ही फुकट करायची."

"तुम्ही वाचा पेपर," काकू म्हणाल्या. पण खूश होत्या. त्यांनी तो लाल पडदा मला तीनदा करून दाखवायला लावला.

मी अ‍ॅप त्यांच्या मोबाईलमध्ये घातलं. तेवढ्यात साबुदाण्याचे वडे आले. गरम होते, चटणीत दाण्याचं कूट होतं. पुसायला फक्त एक बटण दाबायचं होतं आणि माझ्या बोटांना तेल लागलं होतं. खाऊन झाल्यावर दाबू म्हटलं. खाऊन झाल्यावर मी दुसरी प्लेट घेतली.

आता त्या माणसांबद्दल सांगायला हवं. मी एआयला सांगितलं होतं, उज्जैनमधली मराठी घरं घाल, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या ऑर्डरी घाल, अगदी खऱ्या वाटतील अशा. त्यानं ऐकलं. माझं इतकं नीट ऐकणारं घरात दुसरं कोणी नाही. केळकर आले, राजवाडे आले, सबनीस आले. प्रत्येकाला पत्ता, प्रत्येकाला फोन नंबर, आणि खाली एकेक सूचना. "भजी थोडी जास्त." "पंचामृत गोडसर असावं." एका बाईनं लिहिलं होतं, "आम्ही यंदाच बदली होऊन आलो, इथे ओळखीचं कोणी नाही." आणि केळकरांच्या खाली होतं, "आजींना दात नाहीत, एक पोळी अगदी मऊ द्यावी."

ते वाचून मी तेव्हा हसलो होतो. काय डोकं आहे म्हटलं, आजीसुद्धा घातली.

काही दिवसांनी काकूंचा फोन आला. मी त्या वेळी टेंट हाउसवाल्याला आणखी एक अ‍ॅप गळ्यात मारायच्या खटपटीत होतो. काकू म्हणाल्या, "अरे, तुझं ते चालायला लागलं की. नेहमीची घरं मी घातली, वर ही एवढी नवीन मराठी घरं आली आपल्या गावात आणि मला पत्ता नाही. मी यांना रोज म्हणते, सगळे जाऊनच राहिलेत, येतंय कोण. आणि बघ." मी म्हणालो, "हो का? वा, छान छान." विकणाऱ्याचा कान एका बाजूनं बहिरा असतो. त्याला "चालायला लागलं" एवढंच ऐकू येतं. फोन ठेवून मी टेंट हाउसवाल्याला सांगितलंसुद्धा, "देखो, पार्टी खुद फोन करके तारीफ कर रही है."

त्याच आठवड्यात वत्सलाताईंनी काकूंना फोन केला. वत्सलाताई आणि काकू एका शाळेत शिकवायच्या, एका डब्यात जेवायच्या. दरसाल वत्सलाताई आपल्या महालक्ष्म्यांचं सगळं स्वतः करायच्या, आणि काकूंचं पान कसं जरा तिखट असतं हे चारचौघींत सांगायच्या. गेल्या वर्षी त्या पडल्या, कमरेचं हाड मोडलं, पलंगावर होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पान मागितलं. काकूंनी मोबाईल उघडला. पडदा लाल.

"वत्सला, यंदा सगळं भरलं गं."

"एक पान, शैला. एकच."

"नवीन लोक आहेत गं, पहिल्याच वर्षी त्यांना नाही कसं म्हणू? तू तर घरचीच."

वत्सलाताई "बरं" म्हणाल्या. हे मला काकूंनीच सांगितलं, महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी, मी दर्शनाला गेलो तेव्हा. सांगताना त्यांचा जीव कुठेतरी खुपत होता, पण आपण चांगलंच केलं याची खात्रीही होती. आतल्या खोलीत दोन्ही महालक्ष्म्या शालू नेसून उभ्या होत्या. स्वयंपाकघरात डाळ भिजत घातलेली, केळीची पानं पुसून रचलेली. काकूंनी कपाटातून एक पिशवी काढली. भैरवगढच्या छापाचे ब्लाउजपीस, लाल, मातकट, निळे. प्रत्येकावर घडीत चिठ्ठी, कोणतं कोणाचं.

"हळदीकुंकवाला बोलावणार आहे त्या नव्या बायकांना," त्या म्हणाल्या. "नव्या गावात बाईला पहिलं एक घर लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला नाही बोलावलं कोणी. वर्षभर मी फक्त चक्कीवाल्याशी बोलायचे, तेही गहू बारीक दळ म्हणून." मग आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "पण त्या केळकरांचा फोन लागत नाही रे. नंबर अस्तित्वात नाही म्हणते ती आतली बाई. मला विचारायचं होतं, आजींची पोळी दुधात भिजवून देऊ की नुसती मऊ लाटू?"

त्या क्षणी मला कळलं. पायाखालून काही सरकलं वगैरे नाही. उलट पाय फरशीला चिकटल्यासारखे झाले आणि महालक्ष्म्यांचे डोळे आहेत त्याहून जरा मोठे दिसायला लागले. आणि माझ्या तोंडून आवाज आला, "पावसानं नेटवर्क बिघडलंय, काकू."

मी अजूनही चालता चालता मधेच थांबतो तो या वाक्याशी. विसरलो ती चूक. वडे गरम होते, माणूस विसरतो. पण या वाक्याच्या वेळी माझे हात कोरडे होते. डाळ अजून भिजतच होती, शिजली नव्हती. तेव्हा बोललो असतो तर वत्सलाताईंचं पान दुसऱ्या दिवशी वेळेवर गेलं असतं. काकूंनी मला चार शब्द सुनावले असते, काकांनी पेपर खाली करून एक वर सुनावला असता, आणि झालं असतं. पण गणेशोत्सव मंडळाच्या लोकांना माझं अ‍ॅप दाखवायचं ठरलं होतं, तिथे काकांनीच शब्द टाकला होता. एवढ्यासाठी मी पावसाचं नाव घेतलं. त्या संध्याकाळी पाऊस नव्हताही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनोजकडे गेलो. मनोजचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान माझ्या क्लासच्या शेजारी होतं. स्वभावानं अगदी मालव्याचा, कशालाच नाही म्हणत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कुल कितने लोग नहीं हैं?"

"नए वाले सबके सब."

"तो सबके सब भेजने पड़ेंगे," तो म्हणाला, जसं काही मी स्क्रीनगार्ड बदलायला आलो होतो.

ठरलं असं की मनोज, त्याचा साडू आणि दोन-तीन रिक्षावाले ओळीनं जातील, केळकर, राजवाडे, सबनीस होऊन पानं घेऊन येतील, पानांचे पैसे मी आधीच त्यांच्या खिशात घातलेले असतील. हे मला त्या वेळी चातुर्य वाटलं, तेही नोंदवून ठेवतो. मनोजला "नमस्कार, पान घ्यायला आलो" एवढं मराठी घोटून घेतलं आणि मी काकूंच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली स्कूटरवर हेल्मेट घालून बसलो. ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं.

काकू सोवळ्यातच दारात आल्या. कपाळावर घाम, मनगटापर्यंत पीठ.

"नमस्कार. केळकर. पान घ्यायला आलो," मनोज एका दमात म्हणाला.

"या, या. आजी कशा आहेत?"

"हओ."

"मऊ पोळी वेगळी बांधलीय हं, वर दोरा आहे त्यात. मूळ कुठले तुम्ही?"

"नानाखेड़ा."

"ते आत्ताचं झालं. मूळ गाव?"

मनोजनं विचार केला. "नानाखेड़ा. पहले से."

काकूंनी हातावरचं पीठ झटकलं. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडे महालक्ष्म्या उभ्याच्या की खड्यांच्या?"

हा प्रश्न आमच्यातलं कुठलंही माणूस झोपेत सोडवील. काही घरांत मुखवटे आणि साड्या नेसवलेल्या उभ्या असतात, काही घरांत नदीकाठचे खडे आणून त्यांची पूजा होते. घरोघरची रीत आहे, लग्न ठरवतानासुद्धा विचारतात. मनोजनं मागे वळून कडुलिंबाकडे पाहिलं. मी हेल्मेटची काच खाली केली.

"बैठी हुई हैं, आंटी," तो म्हणाला. "आराम से बैठी हैं."

मनोज मित्र म्हणून चांगला आहे. खोटं बोल म्हटलं तर बोलतो, पण तीन प्रश्नांपर्यंतच. काकूंनी "बेटा, सच बता" एवढंच म्हटलं आणि त्यानं हात वर करून मला दाखवून दिलं. "मेरेको तो उसने भेजा. वो हेलमेट वाला."

काकू फाटक उघडून रस्त्यावर आल्या. सोवळ्यात त्या कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काढ ते."

मी हेल्मेट काढलं.

"केळकर नाहीत?"

"नाहीत, काकू."

"राजवाडे?"

"नाहीत. ती नावं मी... दाखवायला घातली होती. पुसायची राहिली."

"ती बदली होऊन आलेली? जिचं इथे कोणी नाही म्हणाली?"

"तीही नाही."

"आणि आजी?"

मी मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी त्याची तयारी करून उभा होतो. काकूंनी आपल्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. म्हणाल्या, "तिची पोळी मी दोनदा लाटली. पहिली कडेला जराशी जाड झाली होती." मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "मी वत्सलाला नाही म्हणाले रे. या लोकांसाठी."

आत जाऊन त्यांनी एक पान बांधलं, माझ्या हातात दिलं. "जा. माझं नाव सांग. थांब, नको. तुझं सांग."

वत्सलाताईंच्या घरी दार आप्पांनी उघडलं, म्हणजे त्यांच्या यजमानांनी. डोळ्यांना फार दिसत नाही, त्यामुळे माणूस ओळखण्याआधी ते दाराची चौकट चाचपतात. आत महालक्ष्म्या उभ्या होत्या. आप्पांनीच नेसवलेल्या असणार, एकीच्या निऱ्या डावीकडे गेलेल्या, दुसरीचा पदर गळ्याशी आवळलेला. समोर ताटात वरणभात, बटाट्याची भाजी, आणि पुरणाच्या जागी बाजारातली जिलबी. उदबत्ती संपत आली होती.

पलंगाच्या खोलीतून वत्सलाताईंचा आवाज आला. "कोण आहे?"

"शैलाकडून पान आलंय," आप्पा म्हणाले.

आतला पलंग करकरला. मग आतून, "नैवेद्य झाला म्हणावं. देवीला दोनदा जेवायला वाढत नाहीत."

मी दारातूनच सगळं सांगितलं. खोटी नावं, लाल पडदा, काकूंचा काही दोष नाही, चूक माझी. घाईघाईनं सांगितलं, जसं काही लवकर सांगितलं की लहान होणार होतं.

"तुझी चूक घेऊन मी काय करू?" वत्सलाताई म्हणाल्या. "'नाही' तर तिनं म्हटलं ना."

पान परत घेऊन आलो. काकूंनी ते पाहिलं आणि त्या नव्या घरांच्या पानांशेजारी ठेवलं. अन्न टाकायचं नाही, वाटून या, एवढं मात्र बजावलं. मग मी आणि मनोज दुपारच्या उन्हात नानाखेड्याच्या बस स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांना महालक्ष्म्यांचं जेवण वाटत होतो. इंदूरच्या गाडीचा ड्रायव्हर टायरला टेकून पुरणपोळी खात होता, तूप कोपरापर्यंत ओघळलेलं. "क्या बात है भैया," तो म्हणाला. "किसके यहाँ का भंडारा है?"

मी म्हणालो, "केलकर जी के यहाँ का."

"बड़े अच्छे लोग हैं," तो म्हणाला आणि आणखी एक मागितली.

दोरा बांधलेली ती मऊ पोळी मात्र मला कोणालाच देता आली नाही. ती स्कूटरच्या डिकीत राहिली. घरी आल्यावर मीच खाल्ली, गच्चीवर उभं राहून, कोणी बघणार नाही अशी. चावावी लागलीच नाही. जिभेवर ठेवली की नाहीशी होत होती, मागे फक्त जायफळाचा वास राहत होता.

नंतर मी एआयलाही जाब विचारून पाहिला. माणूस आहे, कोणावर तरी ढकलावंसं वाटतं. त्यानं ताबडतोब माफी मागितली, इतकी सुबक, इतकी नम्र, की मला माझी माफी मागायचीच चोरी झाली. आणि खरं बघता त्यानं मला कुठे फसवलं होतं? खरी वाटतील अशी माणसं घाल असं मीच म्हटलं होतं. काकूंना ती खरी वाटली. त्यांना वाटायलाच हवी होती. दरवर्षी एखादं दार कायमचं बंद होतं, कोणाच्या तरी घरातून महालक्ष्म्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये जातात, आणि इकडे कोणीतरी येतंय, त्याच्या आजीला दात नाहीत, त्याच्या बायकोचं इथे ओळखीचं कोणी नाही, हे वाचून काकूंनी कपाटात ब्लाउजपीस रचून ठेवले. मला ते वाचून हसू आलं होतं. आम्ही दोघांनी एकच ओळ वाचली होती.

अ‍ॅपचे पैसे परत केले, ते सोपं होतं. अ‍ॅप मी अजूनही करतो, पोट आहे. आता रिकामं दाखवतो. बरेच जण घेत नाहीत. आणि एक खोड लागली आहे. कुठल्याही नव्या कॉलनीतून जाताना मी दारांवरच्या पाट्या वाचत जातो. चौहान, पोरवाल, मालवीय, जैन. एखादे केळकर निघाले तर स्कूटर तशीच वळवून काकूंकडे जाईन म्हणतो. अजून निघाले नाहीत.

काकू वर्षभर वत्सलाताईंकडे जात राहिल्या. आधी कित्येकदा दार आप्पांनी उघडलं आणि आप्पांनीच लावलं. पावसाळ्यात एकदा आत बसू दिलं, पण चहा आला नाही. पुढच्या वेळी चहा आला, साखर कमी होती. हे सगळं मला काका सांगत, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. त्यांच्या घरी मला प्रवेश होता, पण मोबाईल खिशातून काढायची बंदी.

यंदा काकूंनी मला जेवायला बोलावलं. का, ते मी विचारलं नाही. दुपारी गेलो तर ओसरीवर काका विड्याचं पान लावत होते आणि काकू आत-बाहेर करत होत्या, कधी फाटकाकडे बघत, कधी उगाच आंबील ढवळत. त्यांनी वत्सलाताईंना बोलावलं होतं, येणार की नाही हे कळलं नव्हतं. पानं वाढायची वेळ टळून चालली होती. मी एका कोपऱ्यात जितकं लहान बसता येईल तितकं लहान बसलो होतो. शेवटी फाटकाशी रिक्षा थांबली. आधी काठी बाहेर आली, मग वत्सलाताई, मागून त्यांचा खांदा धरून आप्पा.

काकूंच्या हातातला चमचा आंबिलीतच राहिला. त्या दारात उभ्या राहिल्या, पण पुढे झाल्या नाहीत. वत्सलाताई काठी टेकत सरळ महालक्ष्म्यांसमोर गेल्या, वरपासून खालपर्यंत बघितलं, नमस्कार केला. "निऱ्या चांगल्या आल्यात," त्या म्हणाल्या. पाठ काकूंकडेच होती. "बसायला पाट नको मला, खुर्ची दे. आणि भाजीत तिखट बघून घाल."

"घातलंय बघून," काकू म्हणाल्या आणि तोंड पदरानं पुसलं.

आप्पा चौकट, भिंत, खुर्चीची पाठ असं चाचपत माझ्या कोपऱ्यापर्यंत आले. वाकून माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"हे कोण, शैला? गावात नवीन आलेत का कोणी?"

काकू खुर्ची आणत होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"नवीन कुठले, आप्पा. तोच तो, अ‍ॅपवाला. एवढ्या सगळ्यांत हा एकटाच खरा निघाला, आमचं नशीब."